गट तीनमधला निष्क्रिय सदस्य

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. परवा आपण फोनवर एवढ्या गप्पा मारल्या आणि त्यातला बहुतेक वेळ तू माझ्या सर्दीला दिलास. मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. आणि उत्तरही पत्रानेच दे, कारण तू जे लिहिशील ते मी ऑफिसात चारचौघांना वाचून दाखवणार आहे.

तुमच्या संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गांना या सत्रापासून जी 'पाटी' लागू झाली आहे, तिचा आराखडा माझा, हे तुला सांगायला नको. दादाने गल्लीतल्या मांजरांनासुद्धा सांगून ठेवलं असेल. दिवसभर नोकरी करणारे विद्यार्थी एकत्र बसणार कधी? म्हणून तिघांचा एक गट आणि गटाला ऑनलाइन एक पान. आपापल्या सवडीने त्यावर लिहायचं, एकमेकांचं दुरुस्त करायचं, शेवटी तिघांचा मिळून एक अहवाल. आणि पानाच्या डोक्यावर माझी लाडकी 'वाट्याची पट्टी'. कोणी किती लिहिलं ते तीन रंगांत दिसतं. सहाव्या आठवड्यानंतर ज्याचा वाटा अगदीच नगण्य, त्याला पाटी आपणहून निरोप पाठवते आणि गटातून कमी करते.

तुला आठवतं, शाळेत आमच्या गटाने ज्वालामुखी केला होता? राख मी कालवली, लाव्हा मी ओतला, फ्रॉक माझा जळला, आणि बक्षीस घ्यायला पाच जणी गेल्या. त्या दिवसापासून ही पट्टी माझ्या डोक्यात आहे असं समज.

तुझं काम सोपं आहे. घरी संगणक नसलेले बरेच जण तुझ्या ग्रंथालयात येऊन पाटी वापरतात. तू फक्त बघ. विचारू नकोस, शिकवू नकोस. (हे तुला जड जाईल.) कुठे अडतात, कुठे कपाळाला आठ्या पडतात, कुठे पुटपुटतात, तेवढं मला कळव.

दादा कसा आहे? छापखाना बंद झाल्यापासून फोनवर 'बरं चाललंय'च्या पुढे गाडी जात नाही त्याची.

तुझी,
ठमी

---

१६ जानेवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. सर्दीचं काय झालं ते लिहिलेलं नाहीस, म्हणजे अजून आहे. असो.

आठवडाभर तुझी हेरगिरी केली. काउंटरवरून पाच संगणक दिसतात, पाठमोरे विद्यार्थी दिसतात, आणि पाठीवरून माणूस किती कळतो हे मला या निमित्ताने समजलं. एकूणात तुझी पाटी लोकांना आवडली आहे. अग्निसुरक्षा तपासनिसांच्या वर्गातली एक मुलगी आहे, दिवसा हॉटेलात रिसेप्शनिस्ट असते. ती अशी टाइप करते की शेजारच्याला वाटावं बाहेर गारा पडताहेत. तिच्याच गटात एक इलेक्ट्रिशियन आहे. तो संगणकाशी बोलतो. 'अरे बाबा, आत्ताच तर दिला ना तुला पासवर्ड!' असं.

आठ्यांचं म्हणशील तर पहिली गोष्ट, तुझी अक्षरं. पांढऱ्यावर इतकी फिकट राखाडी अक्षरं कोणी काढतं का? चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण नाक पडद्याला टेकवून वाचतो.

दुसरं, त्याच गटातले तिसरे एक गृहस्थ. गट तीन. खिडकीजवळच्या संगणकावर बसतात, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ. आधी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहितात, मग एका बोटाने टाइप करतात. मन लावून करतात. पण उठताना त्यांचा चेहरा बघवत नाही. काय होतं ते मला इथून दिसत नाही, आणि विचारायचं नाही असा तुझा हुकूम.

तुझा दादा बरा आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो.

तुझी,
वहिनी

---

२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू नोकरी सोड आणि आमच्याकडे ये. राखाडी अक्षरांवरून मी आमच्या सजावटवाल्याशी दोन महिने भांडत होते. तुझं 'नाक पडद्याला' मोठ्याने वाचलं आणि तो निमूटपणे उठला. अक्षरं काळी झाली. आजच बघ.

आता तुझ्या खिडकीवाल्या गृहस्थांबद्दल. आम्हाला नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतात, पण गट तीन म्हटल्यावर शोधणं सोपं होतं. दिवसातून सात-आठ वेळा आत येतात, बराच वेळ थांबतात, आणि एक अक्षर न लिहिता जातात. वहिनी, अशांना आम्ही 'बघे' म्हणतो. रस्त्यात खड्डा खणत असले की काठावर हात मागे बांधून उभे राहतात ना, तसे. दुसऱ्यांचं वाचायचं, मान डोलवायची, आणि अहवालावर नाव मात्र हवं. कागदावर लिहितात म्हणतेस, पण ते घरचं पत्रही असू शकेल. तुझा जीव नेहमी गरीब दिसणाऱ्यावर जातो.

रागावू नकोस. पण आकडे खोटं बोलत नाहीत.

दादाला म्हणावं, पाय मोकळे करून झाले की बहिणीला एक फोन कर.

ठमी

---

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आकडे खोटं बोलत नसतील, पण मग मी आंधळी आहे असं म्हणावं लागेल.

मी हुकूम मोडला. पुस्तकं लावण्याच्या निमित्ताने खिडकीकडे गेले आणि पाहिलं. ते गृहस्थ घरचं पत्र लिहीत नव्हते. एका गोदामाच्या तपासणीबद्दल लिहीत होते. कुठल्या दाराची कडी आतून अडकते, कुठे विझवण्याचं नळकांडं आहे पण त्याच्यापुढे खोकी रचली आहेत. मजकूर पानभर होता. रिसेप्शनिस्टला सहज विचारलं, तर म्हणाली, 'जागेवर जाऊन सगळं तेच बघतात. आम्हाला फोनवर सांगतात आणि आम्ही टाइप करतो. त्यांचं त्यांनाच टाइप करायचं असतं, पण ते कुठे जातं कोण जाणे.'

त्यांना विचारलं तर म्हणाले, 'माझंच काहीतरी चुकतंय.' आणि चष्मा पुसत बसले.

सहाव्या आठवड्याचा तो तुझा निरोप आता येईल. थोडा थांबवता येणार नाही का? एवढंच विचारते.

वहिनी

---

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण थांबवता येणार नाही. एकासाठी नियम बाजूला ठेवला की उद्या प्रत्येक गटातला फुकट्या आपली करुण कहाणी घेऊन येईल. फोनवर सांगणं म्हणजे काम नव्हे. पाटी केलीच आहे ती प्रत्येकाने स्वतः लिहावं म्हणून.

शिवाय, पुढच्या महिन्यात आमच्या मोठ्या बाई आणखी तीन संस्थांना पाटी दाखवणार आहेत. त्यांना सगळ्यात जास्त आवडलीय ती वाट्याची पट्टीच. 'ही पट्टी म्हणजे आपलं नाक आहे,' असं त्या म्हणाल्या. ते नाक मीच काढलंय, म्हणून माझंही थोडं वर आहे सध्या.

खरं सांगू का, काही माणसांना एका वयानंतर नवं जमत नाही. त्यात त्यांचा दोष नसतो. पण त्यांच्यासाठी सगळ्यांनी हळू चालायचं, हेही बरोबर नाही ना?

आता त्या गृहस्थांना सोड आणि बाकीच्यांचं लिही. तुझी पत्रं इथे फार लोकप्रिय आहेत.

ठमी

---

२० फेब्रुवारी

चि. ठमीस,

निरोप आला. जसाच्या तसा उतरवून देते: 'आपण आपल्या गटातील निष्क्रिय सदस्य आहात. आपला सहभाग पुरेसा नसल्याने आपल्याला गट ३ मधून कमी करण्यात येत आहे. शुभेच्छा!'

शुभेच्छांपुढे उद्गारचिन्ह आहे.

ते गृहस्थ तेव्हापासून ग्रंथालयात आलेले नाहीत. गटातली दोघं रोज विचारतात.

माझी पत्रं चारचौघांत वाचतेस ना? हेही वाच.

वहिनी

---

२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

वाचलं. कोणी हसलं नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर आमच्यातली एक मुलगी, नुकतीच लागलेली, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, 'ताई, ते लिहितात असं तुमच्या वहिनी म्हणतात. लिहिलेलं पोचत नाही असं आपण म्हणतो. दोन्ही खरं असेल तर मधे ते जातं कुठे?'

मी ते शोधलंच नव्हतं. पाटी करताना आम्ही विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, पण ते सगळे विशीतले, कंपनीतल्याच कोणाची तरी भावंडं, भराभरा टाइप करणारी. तुझ्या खिडकीवाल्यासारखा एकही नव्हता.

सोमवारी मी येतेय. तुझ्या ग्रंथालयात मागे खुर्ची टाकून बसेन, एक शब्द बोलणार नाही. फक्त त्या गृहस्थांना कसंही करून बोलाव. त्यांच्या पाया पडायची माझी तयारी आहे.

ठमी

---

१ मार्च

ठमे,

सोमवारी येऊ नकोस. आधी हे वाच, मग काय ते ठरव.

त्यांच्या पाया पडायची तयारी आहे म्हणतेस. ते तू लहानपणापासून करतेच आहेस. खिडकीजवळचे गृहस्थ म्हणजे तुझा दादा.

छापखाना बंद झाल्यावर चार महिने तो घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. मग एक दिवस आपणहून अग्निसुरक्षेच्या वर्गाला नाव घालून आला. मला म्हणाला, ठमीला कळता कामा नये. प्रमाणपत्र हातात आलं की मी स्वतः जाऊन दाखवीन. मी वचन दिलं आणि आज मोडते आहे, कारण वचन पाळण्याच्या नादात मी तुला त्याला 'फुकट्या' म्हणू दिलं. तो शब्द त्याच्या कानावर गेलेला नाही. माझ्या मात्र गेलाय, आणि दोन-अडीच आठवडे मी एकटीच त्याच्याशी झुंजतेय.

तू त्याच्यावर दया दाखवून काही करू नकोस. त्याला ते चालणार नाही. पण तू त्याला पत्र लिही. तुला तो सांगेल.

वहिनी

---

४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

वहिनीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस.

मी तीनदा पत्र लिहून फाडलं. एकात रडले, एकात तुझ्यावर चिडले, एकात स्वतःच्या पाटीची बाजू मांडत बसले. हे चौथं. यात फक्त एक प्रश्न विचारते. तू संगणकासमोर बसतोस तेव्हा काय काय होतं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मला सांगशील का? तुला क्षुल्लक वाटेल तेही. बहिणीला म्हणून नको सांगूस, पाटी करणारीला सांग.

तुझी,
ठमी

---

१० मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या वहिनीवर मी रागावलो नाही. ती माझ्यावर रागावून आहे, सांगितलं नाही म्हणून नव्हे, सांगू दिलं नाही म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मी आधी कागदावर लिहितो. ही छापखान्याची सवय. एकदा छापलं की परत घेता येत नाही, म्हणून आधी शाईत चूक शोधायची. मग संगणकावर बसतो, नाव घालतो, पासवर्ड घालतो, आणि टाइप करायला लागतो. मधे थांबतो, कागदाकडे बघतो, एखादा शब्द बदलावासा वाटतो, विचार करतो. सगळं झालं की 'पाठवा' दाबतो. तेव्हा पान कोरं होतं आणि मला परत नाव आणि पासवर्ड विचारतं. घालून आत जावं तर लिहिलेलं नसतं. मी परत पहिल्यापासून टाइप करतो. असं सात-आठ वेळा करून पाहिलेलं आहे, एकाच संध्याकाळी.

एकदा मात्र थोडंच लिहिलं होतं, ते पानावर गेलं. पण त्याच वेळी आमच्या रिसेप्शनिस्ट बाईही पानावर लिहीत होत्या. त्यांनी वर ओळी घातल्या की माझी ओळ खाली पळायची. मी तिच्यामागे गेलो, तेवढ्यात काहीतरी दाबलं गेलं आणि त्यांचा परिच्छेद दिसेनासा झाला. मला वाटलं मी त्यांचं काम पुसलं. तेव्हापासून कोणी लिहीत असलं की मी हात मांडीवर ठेवतो.

तुला का सांगितलं नाही? एक कारण असं, की तू मधे पडली असतीस आणि मला ते नको होतं. दुसरं कारण जरा बावळटपणाचं आहे. पहिल्या दिवशी गटात ओळख करून देताना मी छाती फुगवून सांगितलं, 'ही पाटी आहे ना, माझ्या धाकट्या बहिणीने केलीय.' मग ती मलाच चालेना, तर कोणाला सांगणार? आणि ठमीने केलंय म्हणजे ते बरोबरच असणार. माझंच चुकत असणार. मी असंच धरून चाललो.

छापखान्यात यंत्र अडलं की आम्ही यंत्राकडे बघत असू. कागद कसा सरकतोय, शाई कुठे साचतेय. माणसाला शेवटी विचारत असू. इथे मी यंत्राकडे एकदाही बघितलं नाही, कारण यंत्र तुझं होतं.

मागणं एकच. तो 'निष्क्रिय' शब्द काढ. सबंध आयुष्य यंत्रावर उभं राहून काढलं, यंत्र बंद झालं, पण मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. मला परत गटात घे असं मी म्हणत नाही, आणि माझ्या एकट्यासाठी तसं करू नकोस. जे सगळ्यांना लागू तेच मला.

सर्दी बरी झाली का?

तुझा,
दादा

---

२ एप्रिल

प्रिय दादा आणि प्रिय वहिनी,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय. दादाचं पत्र मिळताच तिकडे येऊन गेले खरी, पण घाईत निघाले, नीट बोलणंही झालं नाही, म्हणून सगळं सांगते.

त्या दिवशी दादा खिडकीशी बसला, गटाचं पान बंद म्हणून मी उघडून दिलेल्या सरावाच्या पानावर, आणि मी त्याच्या मागे. वहिनी, तू काउंटरवर होतीस, तुला एवढंच दिसलं असेल की मी बसले आहे. मला काय दिसलं ते सांगते. दादा टाइप करत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. पंधरा मिनिटं झाली. पडद्यावर काहीच हललं नाही, कुठली सूचना नाही, काही नाही. पण पाटीने त्याला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. तो बिचारा बंद दारापुढे लिहीत बसला होता, आणि त्याला ते सांगायचं सौजन्यही आम्ही ठेवलेलं नव्हतं. पंधरा मिनिटांत 'पाठवा' दाबलं नाही तर माणूस उठून गेला असं धरायचं, हा नियम कोणी घातला म्हणून मी मागाहून शोधलं. कोणीच नाही! दुसऱ्या कुठल्या तरी कामातून तो तसाच उचलून आणला होता. विशीतली भावंडं दोन मिनिटांत दोन ओळी लिहून पाठवायची, त्यामुळे त्यांच्या अंगावर तो कधी आलाच नाही.

मग मी ऑफिसात जाऊन ज्यांना ज्यांना आम्ही निष्क्रिय ठरवलं होतं त्या सगळ्यांच्या नोंदी काढल्या. निम्म्याहून अधिक जण दादासारखेच. वारंवार आत आलेले, बराच वेळ बसलेले, हाती काही न लागता उठलेले. मी त्यांना बघे म्हणत होते. ते दार ठोठावत होते.

ते कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, कमी केलेल्या सगळ्यांना परत घ्यायचं, आणि वाट्याची पट्टी काढून टाकायची.

'पट्टी?' त्या म्हणाल्या. 'पट्टीच तर आपण दाखवायला निघालोय.'

'ती काम मोजत नाही बाई. बटणांवर पडलेली बोटं मोजते.'

'पट्टी तुमचीच कल्पना होती.'

'म्हणूनच मी सांगतेय. दुसऱ्या कोणाची असती तर तुम्हाला वाटलं असतं मी जळतेय.'

त्यांनी कागद खाली ठेवले आणि विचारलं, 'गट तीनमधले ते गृहस्थ तुमचे बंधू आहेत असं ऐकलं. त्यांच्यासाठी चाललंय का हे?'

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी कान तापले. म्हटलं, 'भाऊ आहे म्हणून मला दिसलं. भाऊ नसता तर मी अजून आकड्यांवरच बोट ठेवून बसले असते. पण या कागदांवरचे बाकीचे कोणी माझे भाऊ नाहीत. त्यांच्यासाठी कोण येणार तुमच्याकडे?'

बाईंनी कागद परत उचलून एकेक चाळला. मग म्हणाल्या, 'दाखवण्याचा दिवस पुढे ढकलते. पण त्या दिवशी पट्टीच्या जागी काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे. रिकामी जागा दाखवायला मी जाणार नाही.'

मग आम्ही गट तीनलाच बोलावलं, आणि आणखी दोन गटांना. दादा, तू म्हणशील तुला खास वागणूक दिली. नाही. तुझ्यापेक्षा जास्त त्या इलेक्ट्रिशियनने आम्हाला पिदडलं. आणि रिसेप्शनिस्टने तर कळसच केला. हसत हसत म्हणाली, 'पट्टी लांब दिसावी म्हणून मी एकच परिच्छेद टाइप करून पुसायचे, परत टाइप करायचे. सगळेच करतात.' माझी लाडकी पट्टी! आणि दादा, तिचा तो नाहीसा झालेला परिच्छेद तिनेच पुसला होता. तू नव्हेस. तिला पट्टी वाढवायची होती.

तर आता पाटी अशी आहे. प्रत्येकाला आधी आपला स्वतःचा कोरा कागद मिळतो. तिथे हवा तेवढा वेळ लावा, थांबा, चहा पिऊन या, पडद्यावरचा प्रत्येक शब्द आपोआप जपला जातो. लिहून मनासारखं झालं की मगच गटाच्या पानात घालायचं. एक जण लिहीत असताना दुसऱ्याची ओळ जागची हलत नाही. टाइप करायचं नसेल तर जागेवर उभं राहून बोलायचं, आवाज तसाच गटाच्या पानावर जातो. पट्टी गेली. कमी केलेले सगळे आपापल्या गटात परत आले. कोणी काय केलं ते शेवटी तिघांनी मिळून चार ओळींत लिहायचं आणि तिघांनी मान्य करायचं. कोणाला कमी करायचं असेल तर ते माणूस ठरवेल, माणसाशी बोलून. पाटी नाही.

बाईंनी काल तीन संस्थांना हे दाखवलं. मी मागे उभी होते. त्यांनी पट्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एका दाराबद्दल बोलल्या, पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होणाऱ्या. दोन संस्थांनी होकार दिला, तिसरे कळवतो म्हणाले.

'निष्क्रिय' शब्द मी स्वतः शोधून शोधून काढला. चार ठिकाणी होता. उद्गारचिन्हही काढलं.

दादा, तुझ्याबद्दल मी काय काय लिहिलं होतं ते वहिनीपाशी आहे. तिला दाखवायचं असेल तर दाखवू दे. मी तुझ्याकडून ऐकून घ्यायला तयार आहे.

तुमची,
ठमी

---

११ मे

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझी ती पत्रं मी तुझ्या दादाला दाखवली. मला वाटलं मन खट्टू होईल. त्याने सगळी शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, 'ज्वालामुखीतला फ्रॉक मीच विझवला होता. ते मात्र लिहिलं नाही तिने.' एवढंच बोलला आणि जेवायला बसला.

आता ताजी बातमी. गटाला शेवटच्या अहवालासाठी एक सार्वजनिक इमारत तपासायची होती. तिघांनी आमची संस्थाच निवडली. मला आधी कौतुक वाटलं. ग्रंथालयात आले तेव्हा मी त्यांच्यासाठी खुर्च्यासुद्धा पुसून ठेवल्या. तुझा दादा माझ्याकडे ढुंकून न बघता सरळ मागच्या भिंतीपाशी गेला. तिथे जुन्या मासिकांची तीन कपाटं आहेत. त्याने कपाटामागे हात घातला, भिंत चाचपली आणि खिशातला फोन तोंडाशी धरून पाटीला सांगायला लागला, 'ग्रंथालय. संकटकाळी बाहेर पडायचं दार आहे. पण त्याच्यापुढे कपाटं लावलेली आहेत. दार वापरात नाही. जबाबदारी ग्रंथपालांची.'

मी म्हटलं, 'अहो, निदान हळू तरी बोला!'

तर म्हणाला, 'हळू बोललं तर नीट नोंदलं जात नाही.' इलेक्ट्रिशियन खो खो हसत सुटला. रिसेप्शनिस्टने माझ्या बाजूने एक शब्द काढला, की ग्रंथपाल बाईंना कोणी सांगितलं नसेल. तेही तुझ्या पाटीवर नोंदलं गेलं.

घरी आल्यावर मी फणकाऱ्याने ताटं वाढली. जेवताना तो म्हणाला, 'तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी काय केलं असतं?' मी म्हटलं, हेच. 'मग झालं तर,' म्हणाला.

काल निकाल लागला. गट तीनचा अहवाल वर्गात पहिला आला. शेवटच्या चार ओळी परीक्षकांनी मोठ्याने वाचल्या. कोणी काय केलं त्या. रिसेप्शनिस्टने मांडणी केली, इलेक्ट्रिशियनने तारा तपासल्या, आणि तुझ्या दादाबद्दल त्या दोघांनी मिळून लिहिलं होतं, 'आम्हाला काय बघायचं ते यांनी दाखवलं.' दादाने मान खाली घातली होती. मी शेवटच्या रांगेत उभी होते, तिथूनही त्याचे कान लाल झालेले दिसले. पुढच्या महिन्यापासून एका रुग्णालयात तो तपासनीस म्हणून लागतोय. प्रमाणपत्र घेऊन तुझ्याकडे यायचं म्हणत होता. मीच म्हटलं, आधी सुट्टी मागायला शिका, नोकरी नवी आहे.

संस्थेने तीन माणसं पाठवून कपाटं हलवली. मागे खरंच दार निघालं. अठरा वर्षं मी तिथे काम करतेय आणि बाहेर लोखंडी जिना आहे, त्याच्यापलीकडे कोणाची तरी पेरूची बाग आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. दुपारी आता मी दार उघडून पहिल्या पायरीवर बसून चहा पिते. वारा छान लागतो.

तुझ्या दादाने त्यालाही हरकत घेतली आहे. बाहेर पडायच्या जिन्यावर बसायचं नसतं म्हणे. काल पाटीवर नोंदही करून टाकली, माझ्या नावानिशी. मी म्हटलं, 'माझ्या बाजूचं कुठे लिहायचं?' तर त्याने मला माझा स्वतःचा कोरा कागद उघडून दिला आणि म्हणाला, 'सावकाश लिही. जात नाही आता कुठे.'

मी लिहितेच आहे. तुला वाचायला मिळेल.

तुझी,
वहिनी